मुंबई ते लंडन विमानाने नेमके किती तास? साइट एक सांगते, तिकीट दुसरंच

कराडची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण आमच्या घरात चार माणसांनी चार उत्तरं काढून ठेवलीत, म्हणून इथे विचारतेय.

सासूबाई ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लंडनला नणंदेकडे निघाल्यात, जानेवारीत परत येतील. वय ७४, पहिलाच विमानप्रवास, आणि एकट्या. साखर आहे, रात्री आठच्या सुमाराला जेवणाआधी इन्सुलिन असतं. त्यामुळे "किती तास" हे मला नुसतं गंमत म्हणून नकोय. जेवण कधी, सुई कधी, हे त्यांना कागदावर लिहून द्यायचंय.

अंतर दाखवणारी एक साइट म्हणते ७,२०० किमी, साडेआठ तास. तिकीट म्हणतं मुंबई दुपारी १:३०, लंडन संध्याकाळी ६:५०. ते वाचून सासूबाई म्हणाल्या, "पाचच तास की! कराडहून मुंबईला ह्याच्यापेक्षा जास्त लागतात." मुलाने त्यात साडेपाच तास मिळवले आणि १० तास ५० मिनिटं काढली. नणंद फोनवर म्हणते साडेपाच नाही, साडेचार मिळव. परतीचं विमान तिकडून रात्री ८:३० ला सुटून दुसऱ्या दिवशी ११ वाजता मुंबईत. आमच्या ह्यांनी विमानाचा माग दाखवणारं ॲप लावलंय, त्यात कालच्या विमानाने ७,८०० च्या वर किलोमीटर कापलेले दिसले. आता ७,२०० खरे की ७,८००?

आणखी एक. दुबईला विमान बदलून जाणारं तिकीट बऱ्यापैकी स्वस्त मिळतंय. ते अजून रद्द-बदल करता येतं. अंतर फार वाढतं का त्यात?

हॅरोचा_हेमू

वेळेच्या फरकाबद्दल नणंदबाईंचं बरोबर आहे. इकडे इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. तुमचं जाणं घड्याळ मागे होण्याच्या आधी आहे आणि येणं नंतर. म्हणजे:

जाताना ५ तास २० + ४ तास ३० = ९ तास ५० मिनिटं.
येताना १४ तास ३० − ५ तास ३० = ९ तास.

मुलाचं गणित परतीला चालेल, जाताना नाही. बाकी अंतराचं पार्लेकर काका सांगतील, ते येईपर्यंत धीर धरा. हा विषय दिसला की ते झोपेतून उठून येतात.

पार्लेकर_डिस्पॅच

आलो. झोपलो नव्हतो, चहा घेत होतो.

ताई, मी निवृत्त होईपर्यंत सांताक्रूझला डिस्पॅचमध्ये होतो. वैमानिक विमानात चढण्याआधी त्याच्या हातात जो फ्लाइट प्लॅन पडतो, म्हणजे कुठल्या वाटेने, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, तो आमच्या टेबलावर तयार व्हायचा. तेव्हा तुमच्या प्रश्नावर माझं घर चाललंय म्हणा.

साइट खोटं बोलत नाहीये. तिला विचारलेला प्रश्नच निराळा आहे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणून धरा. त्या दोऱ्याची लांबी ७,२०० किलोमीटर. साइट त्याला ताशी नऊशेच्या आसपासच्या वेगाने भागते, चढ-उताराचा अर्धा तास वर टाकते, आणि साडेआठ तास म्हणून मोकळी होते. तिच्या जगात वारा नाही, देशांच्या सीमा नाहीत आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर रांगही नाही.

आता तो दोरा कशावरून जातो ते बघा. मुंबईहून वायव्येला निघून कराचीजवळून बलुचिस्तानात, मग इराण तिरपा कापत तेहरानच्या उत्तरेला कॅस्पियनच्या काठाशी. बरोबर अर्धी वाट होते ती आर्मेनिया-जॉर्जियाच्या सीमेपाशी. तिथून काळा समुद्र, युक्रेन, मग जर्मनी, बेल्जियम आणि लंडन.

वाचतानाच लक्षात आलं असेल. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद. पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना २४ एप्रिल २०२५ ला बंद केलं, आठवडाभरात आपणही त्यांना बंद केलं, आणि मग दोन्हीकडून महिन्यामहिन्याने मुदत वाढत राहिली. (२०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. त्या दिवसांत आमच्या टेबलावर चहा गार व्हायचा.) इराणचं आकाश जून २०२५ मध्ये काही दिवस बंद होतं, आणि उघडं असलं तरी बऱ्याच कंपन्या तिकडून जायला कां कूं करतात. म्हणजे दोरा ज्या वाटेने जातो, तिथे विमान न्यायची सोय उरलेली नाही.

मग विमान कुठून जातं? मुंबईहून अरबी समुद्रावरून मस्कतकडे. पुढे दोन वाटा. आखात-इराक-तुर्कस्तान ही एक, सौदी-इजिप्त-भूमध्य समुद्र ही दुसरी. मी मघाशी हिशेब करून पाहिला. मस्कत आणि इस्तंबूलवरून गेलं तर साडेसात हजारांच्या जरा आत. मस्कत आणि कैरोवरून गेलं तर जवळजवळ ७,९००. तुमच्या यजमानांना ७,८०० च्या वर दिसले ते कैरोच्या बाजूने गेलेलं विमान असणार. ७,२०० ही दोन विमानतळांमधली लांबी आणि ७,८०० ही त्या दिवशीची वाट, दोन्ही आकडे खरे. दुसऱ्या दिवशी तोच फ्लाइट नंबर ७,५०० दाखवेल.

आणि एकाच दिवशी दोन कंपन्यांची वाट वेगळी असू शकते बरं का. पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांना आहे, ब्रिटिश कंपनीला नाही. त्यातल्या त्यात मुंबई दक्षिणेला असल्याने आपला वळसा कमी. दिल्ली-लंडनचा दोरा जेमतेम ६,७०० चा, पण त्यांना आधी खाली गुजरातकडे यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. दिल्लीकरांच्या वाट्याला मुंबईहून जास्त त्रास आला, अशी उदाहरणं थोडीच, म्हणून नोंदवून ठेवतो.

एक गंमत. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नाव 'मलबार प्रिन्सेस'. ते कैरो आणि जिनिव्हा करत गेलं होतं. तेव्हा एका दमात जाण्याइतका पल्ला विमानाला नव्हता म्हणून कैरोला उतरावं लागायचं. आता पल्ला हवा तेवढा आहे, तरी विमान कैरोवरूनच चाललंय.

सरळमार्गी

काका, एक शंका. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते लंडन पट्टी ठेवली तर रेघ इराक-सीरियावरून जाते. सगळ्यात जवळची वाट तीच ना? मग तुमचा दोरा कॅस्पियनपर्यंत वर कशाला चढतो? वळसा तर तुमच्या दोऱ्यातच दिसतोय.

पार्लेकर_डिस्पॅच

भिंतीवरचा नकाशा म्हणजे गोलाची साल सोलून सपाट ताणलेली. ताणताना उत्तरेकडचा भाग आडवा फुगतो. त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. तेव्हा सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, गोलावर दोरा धरा. नसेल गोल तर शाळेतल्या भूगोलाच्या सरांकडे असतोच, कपाटावर धूळ खात.

ताईंचा वेळेचा प्रश्न राहिला. जाताना ९:५० आणि येताना ९:००, हा फरक वाऱ्याचा. आपल्या अक्षांशांपासून युरोपपर्यंत विमानाच्या उंचीवर, म्हणजे १० ते १२ किलोमीटरवर, वारा मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीत. विमानाचा हवेतला वेग दोन्ही वेळा तोच, नऊशेच्या आसपास. पण वाटेत सरासरी ५० किमीचा वारा धरला तरी जमिनीच्या हिशेबात जाताना ८५० पडतात आणि येताना ९५०. साडेसात हजारांना भागून बघा. जाताना ८ तास ४९ मिनिटं, येताना ७ तास ५४. पाऊण तासाच्या वर फरक नुसत्या वाऱ्याने.

हिवाळ्यात तर उत्तर भारतावर जेट स्ट्रीमचा, म्हणजे उंचावरच्या जोरदार वाऱ्याचा, पट्टा उतरलेला असतो, ताशी दोनशे किलोमीटरला सहज जातो. सासूबाई जानेवारीत येणार, तेव्हा विमान साडेदहाला, कधी त्याच्याही आधी टेकलं तर आश्चर्य मानू नका. आणायला जाणाऱ्याने "अकराचं विमान आहे, खंबाटकीत नाश्ता करून जाऊ" असं करू नये.

आता ८:४९ चे ९:५० कसे झाले? तिकिटावरची वेळ ही ब्लॉक टाइम असते. इकडच्या गेटवर चाकांखालचे चॉक, म्हणजे विमान सरकू नये म्हणून लावलेले ठोकळे, काढले तिथपासून तिकडच्या गेटवर चॉक लावले तिथपर्यंत. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. गर्दीच्या वेळी गेट सोडून धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं अशीच जातात. हीथ्रोला उतरण्याआधी गर्दी असली की विमानांना घिरट्या घालत ठेवतात. त्यासाठी चार जागा ठरलेल्या आहेत, बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. एकीवर एक अशी हजार-हजार फुटांच्या अंतराने विमानं फिरत असतात आणि सगळ्यात खालचं सुटलं की वरची एकेक पायरी खाली येतात. सासूबाईंना सांगून ठेवा, लंडन खाली दिसत असून विमान गोल फिरायला लागलं तर घाबरायचं नाही, रांग आहे. चढताना-उतरतानाचा कमी वेग, कैरोचा वळसा, हे सगळं धरून कंपनी वेळ छापते, आणि थोडी पदरचीही घालते, म्हणजे "वेळेवर पोचलो" म्हणता येतं.

तुमच्या कागदासाठी आकडा एकच धरा: ९ तास ५० मिनिटं. साइटचे साडेआठ विसरा.

दुबईचं विचारलंत. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-लंडन ५,५००, बेरीज ७,४३०. दोऱ्यापेक्षा जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जास्त, कारण दुबई वाटेतच आहे. पण अंतराने फसू नका. एक जास्तीचं उतरणं, एक जास्तीचं उड्डाण, मधली सुरक्षा तपासणी आणि पुढच्या विमानाची वाट बघणं, यात तीन-चार तास सहज जातात. तिशीतल्या माणसाला मी म्हणेन पैसे वाचवा. ७४ व्या वर्षी, पहिल्या प्रवासात, एकटीने दुबईच्या विमानतळावर गेट शोधायचं? नको.

सिस्टर_मिरज

इन्सुलिनबद्दल. डोस किती आणि कधी हे इथे कोणीही सांगू नये, मीही सांगणार नाही. सासूबाईंच्या डॉक्टरांकडे जा, पण जाताना नुसतं "लंडनला जातायत" असं म्हणू नका. हे लिहून न्या: मुंबईहून दुपारी दीडला सुटणार, विमानात ९ तास ५० मिनिटं, आणि घड्याळ साडेचार तास मागे जाणार. म्हणजे जाण्याचा दिवस त्यांच्यासाठी साडेअठ्ठावीस तासांचा. येताना घड्याळ साडेपाच तास पुढे, तो दिवस साडेअठरा तासांचा. डॉक्टरांना या दोन आकड्यांवरून ठरवता येतं.

नेहमीचे रात्रीचे आठ वाजतील तेव्हा त्या हवेत असतील, सुटून साडेसहा तास झालेले. विमानातलं जेवण मात्र आपल्या आठला येत नाही. सुटल्यावर दीड-दोन तासांत एक, आणि उतरायच्या आधी दुसरं हलकं काहीतरी. जेवणाचं इन्सुलिन असेल तर ताट समोर आल्याशिवाय घ्यायचं नाही, हे पक्कं सांगा. हवा खराब असली की वाढणं मध्येच थांबवतात आणि सुई घेऊन माणूस उपाशी बसतं.

इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका, खाली सामानाच्या कप्प्यात गोठू शकतं. जवळच्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, औषधाचं नाव स्वच्छ लिहिलेलं. साखर मोजायचं यंत्र, ग्लुकोज बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू हाताशी. मधुमेहींचं जेवण हवं असेल तर विमान कंपनीला आधी कळवावं लागतं, तिथे जाऊन मागितलं तर मिळत नाही. मनगटावरचं घड्याळ त्यांनी उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवावं.

हॅरोचा_हेमू

तास मोजताना विमान टेकलं म्हणजे संपलं असं धरू नका. भारतीय पासपोर्टवाल्यांना हीथ्रोवर ती झटपट स्वयंचलित दारं चालत नाहीत, अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागतं. उतरल्यापासून बाहेर येईपर्यंत सव्वा ते दीड तास धरा. चालायचंही भरपूर आहे. गुडघे ठणठणीत असले तरी व्हीलचेअर मागा, निदान ४८ तास आधी कंपनीला कळवून. मदतीचा माणूस थेट इमिग्रेशनपर्यंत आणि पुढे सामानापर्यंत सोबत असतो, एकट्या बाईमाणसाला तो मोठा आधार. आमच्या आईला आधी कमीपणा वाटला होता, नंतर मदतीच्या माणसाशी तिने अर्धा तास हिंदीत गप्पा मारल्या.

नणंदबाईंचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात कागदावर. मोबाईलवर विसंबू नका. परतीचं तिकीटही छापून.

आणि जरा वाईट बातमी. साताऱ्याचे कंदी पेढे आणायला सांगू नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ इथे आणता येत नाहीत. तूप, खवा, बर्फी, सगळं त्यात आलं. चटण्या, मेतकूट, भाजणी चालेल, नीट पॅक करून.

कराडची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. पेढ्यांचा एक किलोचा डबा कालच आणला होता, तो आता इथेच संपेल. सासूबाईंनी स्वतःच सुरुवात केलीय, साखर असून. डबा वरच्या फळीवर ठेवलाय.

दुबईचा विचार सोडला. डॉक्टरांकडे सोमवारी जातोय, सिस्टरनी सांगितलेले दोन्ही आकडे लिहून घेतलेत. काकांचा दोऱ्याचा प्रयोग मुलाने केला, गोल शेजारच्या सरांकडचा. दोरा खरंच कॅस्पियनला टेकला. आता तो सगळ्या गल्लीला दाखवत फिरतोय.

दारातून दारापर्यंतचा हिशेब मांडला. कराडहून मुंबई तीनशेच्या वर किलोमीटर, वाटेत थांबत सात तास. दीडच्या विमानासाठी साडेदहाला विमानतळावर. विमान ९:५०, बाहेर यायला दीड तास, आणि तिथून नणंदेचं घर स्लाउला, गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. बेरीज बावीस तासांच्या आसपास. पहाटे साडेतीनला कराड सोडावं लागतंय. म्हणून आदल्या दिवशी चेंबूरला माझ्या मावशीकडे मुक्काम करायचं ठरवलंय. सकाळी तिथून निवांत निघता येईल.

काका, शेवटचं एक. त्यांना खिडकी घ्यावी की कडेची जागा? आणि आम्ही घरून ॲपवर बघत बसलो आणि विमान मध्येच दिसेनासं झालं तर?

पार्लेकर_डिस्पॅच

कडेची. साखरेच्या माणसाला बाथरूमला उठावं लागतं, आणि दहा तासांत पाय मोकळे करायला हवेत. दिवसाचं विमान आहे, खिडकीतून इजिप्तचं वाळवंट दिसलं असतं हे खरं, पण दोन माणसांना ओलांडत जाण्यापेक्षा कडेला बरं.

ॲपवरून विमान गायब झालं तर घाबरू नका. ती ॲपं मुख्यतः जमिनीवरच्या अँटेनांनी पकडलेल्या संदेशावर चालतात. अरबी समुद्राच्या मध्यावर अँटेना कुठून असणार? मुंबईपासून थोडं पुढे गेलं की ठिपका थांबतो किंवा अंदाजाने पुढे सरकवलेला दिसतो, आणि ओमानच्या किनाऱ्याशी पुन्हा नीट दिसायला लागतो. आखाताच्या आसपास कधीकधी जीपीएसचा गोंधळ असतो, मग ठिपका भलतीकडेच उडी मारतो. विमान आपल्या जागी असतं. वैमानिकाकडे दुसरी साधनं असतात आणि कंट्रोलशी बोलणं चालूच असतं.

तुम्ही दुपारी तीनपर्यंत ॲप बघा, मग बंद करा. रात्री पावणेबाराला पुन्हा उघडा, आपल्या वेळेने ११:२० ला ते लागायचं आहे. आणि विमान टेकल्यावर लगेच फोन लावू नका, त्या रांगेत असतील. नणंदेला बाहेर दिसल्या की तीच करेल.